बिनखळीचं बाइंडिंग

८ फेब्रुवारी

आई,

“तू चांगली आहेस, पण तो माझा आहे.”

बाइंडिंगच्या कारखान्यातल्या लांब टेबलाशी उभ्या राहून, पुठ्ठ्याला कापड चढवता चढवता, वर न बघता तुम्ही हे म्हणाला होतात. त्याला आता नऊ वर्षं होतील. आमचं वेगळं व्हायचं ठरलंय हे सांगायला मी आले होते आणि तुम्हाला ते आधीच कळलेलं होतं. तुम्ही कापडाचा कोपरा दुमडलात, हाडाच्या पट्टीने घासून बसवलात आणि ते वाक्य बोललात. मग म्हणालात, “आता इथे येत जाऊ नकोस. मला दोन्हीकडे बसता येत नाही.”

मी आले नाही. दोनेक वर्षं त्या वाक्याचा राग होता. नंतर कधीतरी लक्षात आलं की त्या सबंध वर्षात माझ्याशी खोटं न बोललेलं माणूस तेवढं एकच होतं. बाकी सगळे ‘होईल गं नीट’ म्हणत होते.

ते उकरून काढायला हे पत्र लिहीत नाही. वरती काय लिहावं इथेच मी बराच वेळ अडले. ‘आई’ लिहिलं, खोडलं, नवा कागद घेतला आणि पुन्हा ‘आई’च लिहिलं. दुसरं काही तुम्हाला म्हणायला जीभ वळत नाही. खाली काय लिहायचं हा प्रश्न आहेच. ‘माजी सून’ म्हणजे ‘माजी अध्यक्ष’ म्हटल्यासारखं वाटतं. खुर्ची गेली तरी पाटी घेऊन फिरणारं कुणीतरी.

लिहायचं कारण असं, की माझ्या हातून प्रयोगशाळेत एक चूक झाली आणि ती तुमच्यामुळे झाली.

मी काय काम करते हे तुम्ही एकदा विचारलं होतंत. मी सांगितलं, की नखाएवढ्या काचेच्या चकतीवर सोन्याचा थर असतो आणि त्यावर आम्ही ठसा उमटवतो. तुम्ही म्हणालात, “म्हणजे धंदा आमचाच की! गिऱ्हाईक तेवढं दिसत नाही.” खरंच तसं आहे. ठसा मऊ रबरासारखा असतो. त्यावरचे उंचवटे इतके बारीक, की एका केसाच्या रुंदीत शंभरावर मावतील. शाईऐवजी त्याला एक रसायन लावायचं आणि तो सोन्यावर ठेवायचा. नुसता ठेवायचा. दाबला की उंचवटे लोळतात आणि नक्षी फिसकटते. जिथे ठसा टेकला तिथे त्या रसायनाच्या रेणूंचा एकच पदर उभा राहतो. मधल्या मोकळ्या जागेत दुसरं रसायन भरायचं, ज्याला काही म्हणता काही चिकटत नाही. मग वरून जिवंत पेशी सोडल्या, की त्या आम्ही आखून दिलेल्या जागीच पाय रोवतात.

तर गेले दोन-अडीच महिने प्रत्येक चकतीचा एक कोपरा बिघडत होता. तिथे नक्षीच उमटेना. मी पाणी बदललं, सोनं बदललं, नवे ठसे ओतले. एसीच्या माणसाला तीनदा बोलावून छळलं. आमच्या विभागाच्या बाई आता निवृत्तीला आल्यात. तोंडाने फटकळ, तुमचं त्यांच्याशी छान जमलं असतं. एक दिवस त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या,

“तुझ्या गालाला काय चावतंय गं?”

“कुठे काय?”

“मग चकती उचलायच्या आधी दर वेळी चिमटा गालावर का घासतेस?”

माझा हात तसाच हवेत राहिला.

तुम्हाला कळलं असेलच. पुस्तकाच्या पाठीवरच्या नावासाठी सोन्याचा वर्ख उचलायच्या आधी ती चपटी कुंचली गालावरून फिरवायची, गालाचं जेमतेम तेल तिला लागतं आणि वर्ख न फाटता उचलला जातो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पहिल्या दिवशी मी पावडर लावून आले होते. “जा, तोंड धुऊन ये,” म्हणालात, आणि मी लगेच परत आले तर, “आता तेल सुटेपर्यंत बस. एवढं गोरं तोंड काय कामाचं?” तुमचा मुलगा दारातून म्हणाला होता, “हिचं लग्न नक्की कुणाशी लावलंय?”

हिवाळ्यात आमच्याकडे चपट्या टोकाचा नवा चिमटा आला. हातात घेतल्यावर तो अगदी तुमच्या कुंचलीसारखा लागतो. बास. मला पत्ता नसताना हाताने आपलं काम सुरू केलं. तुमच्या टेबलावर ज्या तेलाने सोनं उचललं जायचं, त्याच तेलाने माझ्याकडे ते वाया जात होतं. सोनं फार भोळं असतं, जो आधी येईल त्याला जागा देऊन बसतं. मग माझ्या रसायनाने उभं कुठे राहायचं?

“सवय आहे,” मी बाईंना म्हटलं. “सासूबाईंची.”

“मग सासूबाईंना कळव,” बाई म्हणाल्या, “म्हणावं, पुरे आता.”

म्हणून कळवते आहे. नऊ वर्षं मी तुमच्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही आणि माझा हात मात्र रोज तिथे जाऊन येत होता.

सोबत एक चकती पाठवते, भेट म्हणून. नुसती बघितलीत तर कोरी दिसेल. तिच्यावर तोंडाने वाफ सोडा, आपण चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. वाफ काही भागावर सपाट पसरते, काही भागावर दवासारखी बारीक थेंब होऊन बसते, आणि नक्षी क्षणभर दिसते. एरवीची आमची नक्षी अशीसुद्धा दिसली नसती, ही मी तुमच्यासाठी मुद्दाम मोठी काढली आहे. डावीकडे जाड रेषा आहेत, उजवीकडे बारीक होत गेल्यात. कुठपर्यंतच्या दिसतात ते तुमच्या नातीला सांगा, खारू मला कळवेल. सहज, कुतूहल म्हणून.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पत्र शक्यतो दुपारी वाचा. दुपारी उजेड चांगला असतो.

२६ फेब्रुवारी

आई,

चकती मिळाली. बाइंडिंगच्या उरलेल्या निळ्या कापडात गुंडाळून, वर दोरा बांधून परत पाठवलीत. निरोपही मिळाला. खारूने तुमच्या आवाजात सांगितला: “म्हणावं, परीक्षेचे पेपर आम्ही शिवायचो, सोडवायचो नाही.”

मी पकडले गेले. ती तुमच्या नजरेची परीक्षाच होती, कबूल.

पण आता उघडच बोलते. या वेळी जाड पेनने आणि मोठ्या अक्षरात लिहिते आहे. गेलं पत्र तुम्ही खिडकीशी उभं राहून वाचलंत आणि मधेच दोनदा पुसायला चष्मा काढलात, असं खारू म्हणाली. तिच्यावर चिडू नका. तिला मी पेरलेलं नाही. कॉलेज तुमच्या गावात, दर रविवारी ती तुमच्याकडे जेवते आणि रात्री मला फोन करून तुमच्या गमती सांगते. तिच्या लेखी त्या गमतीच आहेत. “आई, आजी अगं सकाळी उठली की टेबलफॅनसमोर बसते, डोळे उघडे ठेवून. पंख्याला डोळे दाखवते!” ती खो खो हसत होती. मी हसले नाही.

पंख्याने बरं वाटतं ना? सकाळी सगळं धुक्यात असतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि दुपारपर्यंत निवळतं. असंच आहे ना?

मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल, चुकलं तर मला शिव्या घाला. पण हल्ली मी ज्या पेशी त्या चकत्यांवर वाढवते त्या डोळ्यातल्याच आहेत. बुबुळापुढे जो पारदर्शक पडदा असतो, त्याच्या आतल्या अंगाला त्यांचा एकच थर असतो. मायक्रोस्कोपखाली फरशी घातल्यासारखा दिसतो, सगळ्या सहा कोनांच्या, एकमेकींना लागून. पडद्यात शिरणारं पाणी दिवसरात्र उपसून बाहेर टाकणं हे त्यांचं काम. यातली एखादी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही. शेजारच्या पाय पसरतात आणि भोक बुजवतात. पुष्कळ मेल्या की उरलेल्या कितीही ताणल्या तरी पुरत नाहीत, पाणी साचतं. रात्रभर डोळे मिटलेले असतात म्हणून सकाळी जास्त. दिवसा उघड्या डोळ्यांवरून वारा जातो, पाणी थोडं सुकतं. तुमचा पंखा तेच करतो.

पंख्याने पाणी सुकेल. फरशी परत येणार नाही. उशीर केलात तर दुपारही सकाळसारखी होईल.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे मी सांगते म्हणून जाऊ नका. माझं ऐकायचं तुम्हाला काही कारण उरलेलं नाही, मला माहीत आहे. कारखान्यासाठी जा. खारू म्हणाली, गेल्या आठवड्यात एका जाडजूड कायद्याच्या पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे उलटसुलट शिवले गेले आणि तुम्ही सगळं उसवून पुन्हा शिवलंत. आणि वर तिला म्हणालात, “छापणाऱ्यानेच आकडे पुसट छापलेत मेल्याने.”

मी त्या छापणाऱ्याची बाजू घेते.

१६ मार्च

आई,

आज थोडंच.

तुम्ही गेलात. खारूने दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन केला. तुम्ही बाजूला उभ्या होतात आणि “तिला कशाला सांगतेस, तिला सगळं आधीच माहीत असतं” असं म्हणत होतात, ते मला स्पष्ट ऐकू आलं. डोळे गेले तरी आवाज खणखणीत आहे.

गेले म्हटलं, माफ करा. गेलेले नाहीत. दोन्ही डोळ्यांत तेच आहे, उजव्यात जास्त, आणि उजव्याचं ऑपरेशन करायला हवं असं डॉक्टर म्हणाल्या. खारूने सगळे शब्द बरोबर सांगितले, शेवटी तिचा आवाज बारीक झाला. मी तिला म्हटलं, आजीला घट्ट धरून रस्ता ओलांड. ती म्हणाली, “आजीनेच मला धरलंय.”

माझं बरोबर निघालं याचा मला काडीचा आनंद झालेला नाही.

२ एप्रिल

आई,

तुम्ही खारूला विचारलंत: “तिच्या त्या काचांनी होणार आहे का माझं काही? का मला उंदीर करायचंय तिला?”

नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही.

तुम्हाला असं वाटलं याचं मला वाईट वाटलं नाही. कुणालाही वाटलं असतं. नऊ वर्षं गप्प बसलेली बाई अचानक पत्र लिहिते आणि तिच्याकडे नेमक्या डोळ्यातल्या पेशी निघतात! पण माझं काम तुमच्या डोळ्यापर्यंत पोचायला फार वेळ आहे. पोचेल की नाही हेही ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते, म्हणजे पटेल.

चिमटा गालापासून लांब ठेवायला लागल्यापासून नक्षी साफ उठायला लागली. आम्ही त्या पेशींना पाय ठेवायला ठिपके आखून देतो. किती अंतरावर ठिपका असला की त्या सुखाने पसरतात, एकमेकींना बिलगतात, यावर आमचं सगळं काम. परवा पहिल्यांदा पूर्ण चकती भरली. कडेपर्यंत. एकही भोक नाही, सगळ्या सहा कोनी, जणू कुणी मापाने कापून लावल्यात. मी बाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “आता उचल.”

कारण चकतीवर त्या कितीही सुंदर बसल्या तरी उपयोग काय? त्यांना उचलून माणसाच्या डोळ्यात न्यायचं आहे. मी चिमट्याने कडेला धरून अलगद वर घेतलं. निम्मा थर आला आणि निम्मा सोन्याला धरून राहिला. टर्रकन फाटला. आवाज होत नाही म्हणा, पण मला आला.

आमची नक्षी धरून ठेवायला शिकली आहे. सोडायला शिकलेली नाही. ते शिकवायला आणखी कितीतरी वर्षं लागतील. तोवर माझं निवृत्तीचं वय होईल आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी गालाकडे बघून फटकळ बोलत असेन.

तेव्हा तुमचं ऑपरेशन हे माझ्या काचांचं नव्हे, नेहमीचं, पुष्कळदा झालेलं ऑपरेशन आहे. एखादं माणूस जाताना डोळे देऊन जातं. त्यातला फक्त आतला पापुद्रा घेतात आणि तुमचा खराब झालेला काढून तिथे तो बसवतात. “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कातडं माझ्या डोळ्यात?” असं तुम्ही म्हणालात म्हणे. कातडं नाही हो. तुमच्या वर्खापेक्षा जाड, पण तुम्ही आजवर बांधलेल्या कुठल्याही कागदापेक्षा पातळ. आणि वर्खासारखाच हट्टी. सोडला की स्वतःभोवती सुरळी करून बसतो. डॉक्टर त्याला वरून हलक्या टिचक्या मारून उलगडतात. टाका नाही, डिंक नाही. त्याच्या खाली हवेचा एक बुडबुडा सोडतात आणि तो बुडबुडा पापुद्र्याला पडद्याशी धरून ठेवतो, पेशी आपापली पकड घेईपर्यंत.

हे खारूला मी फोनवर समजावलं आणि तिने तुम्हाला. त्यावर तुमचा शेरा आला: “बिनखळीचं बाइंडिंग टिकत नाही.”

मी तो बाईंना सांगितला. त्यांनी तो फळ्यावर लिहून ठेवला आहे. कुणी पुसत नाही.

पण आई, हे टिकतं. नीट पाळलं तर टिकतं. बुडबुडा नेहमी वर जातो, एवढंच लक्षात ठेवायचं. माणूस उताणं असलं तर बुडबुडा बरोबर पापुद्र्याखाली येऊन त्याला वर दाबतो. माणूस उठून बसलं, कुशीवर वळलं, खाली वाकलं, की बुडबुडा सरकतो आणि पापुद्रा सुटतो. मग पुन्हा टेबलावर. म्हणून ते दोन-तीन दिवस उताणं पडून छताकडे बघत राहायचं. खायला, बाथरूमला, तेवढ्यापुरतंच उठायचं.

तुम्हाला मी ताप आलेला असतानासुद्धा आडवं पडलेलं पाहिलेलं नाही. ऑपरेशनची मला भीती वाटत नाही. त्या छताची वाटते.

२१ एप्रिल

आई,

तारीख ठरली हे कळलं. चांगलं झालं. डॉक्टरही चांगल्या आहेत, मी चौकशी केली. करणारच.

आता जरा अवघड विषय.

काल खारूचा फोन होता. त्या आठवड्यात तिची परीक्षा आहे, दिवसाआड पेपर. मी म्हटलं, मग आजीजवळ कोण राहणार? ती म्हणाली, “बाबा येतायत ना. आजीच म्हणाली.”

मला बरं वाटलं. तरी राहवलं नाही म्हणून मी तुमच्या मुलाला फोन केला. आम्ही एरवी खारूपुरतंच बोलतो, पण नीट बोलतो. मागे त्याचं नि त्याच्या आताच्या बायकोचं बाळ रडत होतं. महिन्याचंही नाही अजून, आणि दिवस-रात्र उलटी झाली आहे म्हणे त्याची. तुमच्या मुलाचा आवाजही झोपेतला होता. मी विचारलं, “तू कधी निघतोयस?”

“कुठे?”

“आईंच्या ऑपरेशनला.”

“अगं, ती म्हणाली खारू आहे. खारूला सुट्टी आहे तेव्हा.” मग जरा जागा होत, “आहे ना सुट्टी?”

मी म्हटलं, “बघते,” आणि फोन ठेवला.

मग मी पुन्हा खारूला विचारलं, दवाखान्यात कुणाचं नाव सांगितलंय? सोबत माणूस असल्याशिवाय ते हे ऑपरेशन करत नाहीत. ती म्हणाली, “आजी डॉक्टरांना म्हणाली, सून येणार आहे. मला वाटलं, बाळाला घेऊन तेही सगळे येणार असतील.”

म्हणजे नातीला सांगितलं मुलगा, मुलाला सांगितलं नात, डॉक्टरांना सांगितली सून. आणि बेत असा की ऑपरेशन झालं की एकटीने रिक्षात बसायचं, घरी यायचं, दार लावायचं आणि छताकडे बघत पडायचं. कुणाची परीक्षा बुडायला नको, कुणाच्या बाळाचे हाल व्हायला नकोत. तुमची शिवण बाहेरून कधी दिसत नाही, पण मी तुमच्या हाताखाली शिकले आहे. कुठे उसवायचं ते मला कळतं.

डॉक्टरांना ‘सून’ म्हणालात ते माझ्याबद्दल नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तोंडाला आला तो शब्द म्हणालात. मी त्यावर काही हक्क सांगत नाही.

त्या दोघांना मी अजून काही बोललेले नाही. धमकी देत नाही, पण खोटंही बोलणार नाही: तुम्ही एकट्या राहणार असाल तर मला खारूला सांगावं लागेल, ती पेपर सोडून येईल, आणि तुम्हाला ते मुळीच नको आहे.

तुम्ही म्हणाल, बाई ठेवीन दिवसरात्रीची. ठेवा. डोळ्यात थेंब घालायचं काम ती माझ्यापेक्षा नीट करेल. पण तुम्ही उठाल. खालून कुणी कडी वाजवली की उठाल. दाबाखाली ठेवलेलं पुस्तक तिरकं बसलं असेल अशी शंका आली की उठाल. बाई म्हणेल, “आजी, झोपा हं,” आणि तुम्ही तिला अशी काही सुनवाल की ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहील. तिथे तुमचं ऐकून न घेणारं माणूस हवं. ती सवय मला बारा वर्षं होती, अजून गेलेली नाही.

मी काय करेन ते सांगते. खाली कारखान्यात झोपेन, पुठ्ठ्यांच्या थप्पीशेजारी. तुमच्या खोलीत खुर्चीवर बसेन. बोलायला हवंच असं नाही. बोलायचं असेल तर मी तो कायद्याचा ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवेन, तुम्हाला झोप तरी लागेल. तुम्ही घास मागितलात तर देईन, नाही मागितलात तर बशी हाताशी ठेवेन. आणि सोय बघा किती आहे: तुम्हाला सक्त छताकडेच बघायचं आहे, म्हणजे मी खोलीभर वावरले तरी तुम्हाला माझं तोंड दिसणार नाही. सून न दिसता सुनेची सगळी कामं होताहेत, असं सुख कुठल्या सासूला मिळालंय?

बुडबुडा हळूहळू विरतो. डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली की मी निघेन. थांब म्हणालात तरी थांबणार नाही, तसं म्हणायची वेळ मी तुमच्यावर आणणार नाही. तुमच्या मुलाला मी स्वतः सांगेन. तो रागावणार नाही. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंही बरेच निवळलो आहोत.

बाईंनी मला रजा दिली. कशासाठी ते विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, “चिमटा इथेच ठेवून जा.”

हे सगळं मी तुमच्या भल्यासाठी करते आहे असं म्हणाले तर तुम्हाला ते आवडणार नाही आणि ते पुरतं खरंही नाही. माझी आई मी लहान असताना गेली. तिच्या आजारपणात मला खोलीत येऊ देत नसत. कुणाच्या उशाशी बसायचं असतं तसं मी अजून कुणाच्याच बसलेले नाही. तुमच्या मुलापासून वेगळं होताना मला घर सोडायचं दुःख झालं नाही, कारखान्याचं झालं. तिथल्या खळीच्या वासाचं झालं. तुम्ही पुस्तक दाबाखालून काढून कानाशी उघडायचात, पाठ कशी बोलते ते ऐकायला, आणि मग माझ्या कानाशी धरायचात. तसं पुन्हा कुणी माझ्या कानाशी काही धरलं नाही.

एवढं मोठ्या अक्षरात लिहायला नको होतं. पण आता लिहिलं.

खारू रविवारी येईल तेव्हा तुमचं ‘नाही’ तयार असेल, कुठल्यातरी निळ्या-हिरव्या टोमण्यात गुंडाळून, वर दोरा बांधून. ते मी ऐकून घेईन. तुमच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा धरावी इतकी मी तुम्हाला परकी नाही. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी येऊ का, आई?